मेघंभट मुऱ्हाळी जातो

एका राज्यात जमीन मूठभर होती आणि पाणी अफाट. तिथले रस्ते म्हणजे खाड्या, घोडे म्हणजे होड्या, आणि तटबंदी म्हणजे बंदराच्या तोंडाशी नांगर टाकून उभी असलेली गलबते. राजाचे नाव तरंगसेन. त्याच्या आरमाराचा मुख्य सरखेल धाकोजी. आणि राजवाड्याच्या गच्चीवरच्या खोलीत, पाऊसवाऱ्याची शास्त्रे वाचत, एक वृद्ध पंडित राहत असे. त्याचे नाव मेघंभट.

मेघंभटाला हवामानाचे सारे ग्रंथ पाठ होते. तरी धोतर वाळत घालायचे तर तो आभाळाकडे पाही, आत येई, पुन्हा बाहेर जाऊन पाही, आणि शेवटी पडवीतच वाळत घाली. लोक हसत. तो म्हणे, "ग्रंथ मी वाचले आहेत, बाबांनो. आभाळाने कुठे वाचले आहेत?"

राज्याच्या खजिन्यात तीन शंख होते. फार पूर्वीच्या एका राजाने मंत्रबळाने तीन बहिणींची नावे त्यांत कोंडली होती. थोरली वावटळ, मधली मतलई, जी जमिनीवरून समुद्राकडे वाहते, आणि धाकटी झुळूक. शंख फुंकला की जिचे नाव त्यात असेल तिने यावे, सांगितलेले काम करावे आणि निघून जावे. नाव कोंडले जात असता थोरलीने शाप दिला होता: "राजा, हुकूम केलास तर काम होईल. पण कामाच्या पाठोपाठ तुझेच नुकसान होईल." शाप खरा होता. म्हणून शंख पेटीत असत आणि पेटीची किल्ली मेघंभटाच्या जानव्याला.

एके सकाळी पश्चिमेचे आभाळ काळवंडले. ढग नव्हते. ती गलबते होती. डोंगराएवढे कातड्याचे फुगे, त्यांत कोंडलेला तापता धूर, फुग्याखाली टांगलेले लाकडी गलबत, गलबताच्या मधोमध भट्टी, आणि दोन्ही कडांना माणसांनी फिरवायचे पंखे. जळक्या बेटाचा मांत्रिक धूमकेश आभाळातून चालून आला होता.

त्याच सकाळी मेघंभटाचा पुतण्या विठंभट एकटाच होडी वल्हवत धक्क्याला लागला. मेघंभटाची एकुलती लेक केतकी पैलतीरी दिलेली होती. ती पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. बाळंतपणासाठी तिला माहेरी आणायला विठंभट मुऱ्हाळी म्हणून गेला होता. त्या राज्यात रीतच होती. लेक आपली आपण माहेरी येत नसे. माहेरचे माणूस मुऱ्हाळी होऊन तिला न्यायला जाई, मगच तिचे पाऊल उंबऱ्याबाहेर पडे.

"केतकी कुठे आहे?" मेघंभटाने विचारले.

विठंभटाने वर बोट दाखवले. "काका, वरून दोर आला, आकडा आला. होडी तशीच राहिली. ताईला तेवढी उचलून नेली. सगळ्यांत मोठ्या गलबतावर आहे ती. धूमकेशाने निरोप दिलाय, तीन शंख द्या. परवाचा सूर्य मावळायच्या आत. नाहीतर वरून जळते डांबर ओतीन, बंदर नि गलबते जाळीन."

राजसभा भरली. तरंगसेन म्हणाला, "शंख दिले तर वारेही त्याच्या हुकमात जातील. मग कोणाचीच लेक सुखरूप घरी यायची नाही. पंडितजी, तुमचे दुःख मला दिसते. पण शंख देता येणार नाहीत."

"देऊ नयेत, महाराज," मेघंभट म्हणाला, आणि आपणच हे बोललो याचे त्याला नवल वाटले.

पहिल्या दिवशी मतलईचा शंख फुंकला. ती डोंगरउतारावरून आली आणि तिने आभाळातली गलबते वाळल्या पानांसारखी क्षितिजाकडे लोटली. धक्क्यावर आनंदाचा कल्लोळ झाला. इतक्यात ती आपल्याच आरमारात शिरली. शिडे टराटरा फाटली, नांगर सुटले, आणि निम्मी गलबते खडकांवर जाऊन बसली. दिवस कलायच्या आत धूमकेश पंखे मारीत परत आला. त्याचे काही गेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी धाकोजी म्हणाला, "आता वावटळ सोडू. फुगे फाटतील, गलबते दगडासारखी कोसळतील."

"त्यातल्या एकावर माझी लेक आहे, सरखेल."

"आणि खाली साऱ्या गावाच्या लेकी आहेत, पंडितजी." धाकोजी हे जमिनीकडे पाहत बोलला. तो क्रूर नव्हता.

मेघंभटाने किल्ली दिली, पण शंख ओठांना लावणे त्याला जमेना. धाकोजीने फुंकला. वावटळ आली. समुद्र रांजणात रवी फिरावी तसा घुसळून निघाला. धूमकेशाच्या लोकांनी भट्ट्यांत लाकूड कोंबले आणि त्यांची गलबते वादळाच्या वर, शांत आभाळात जाऊन थांबली. खाली मात्र उरलेल्या डोलकाठ्या काडकाड मोडल्या. मेघंभटाला त्यातले काही दिसले नाही. तो फक्त सर्वांत मोठ्या गलबताकडे पाहत होता. ते एकदा कलले, पुन्हा सरळ झाले, आणि वर गेले. तेव्हा त्याने श्वास सोडला, आणि श्वास सोडल्याची त्याला लाज वाटली.

वादळ निवल्यावर गच्चीच्या कठड्यावर एक पाणकावळा येऊन बसला. तो बोलणारा पक्षी होता, पण ओल्या पंखांनी बोलत नसे. त्याने पंख पसरले, उन्हात धरले, मनासारखे वाळवले आणि मग तोंड उघडले.

"मेघंभट तूच का? तुझ्या लेकीचा निरोप आहे. मासा देशील?"

"आधी निरोप."

"लेकीने आधी मासा दिला होता."

मेघंभटाने मुदपाकखान्यातून बांगडा आणवला. पाणकावळ्याने तो गिळला आणि म्हणाला, "केतकी म्हणते, प्रकृती बरी आहे, काळजी करू नका, म्हणजे कराल ती बेताने करा. दुसरे. पहाटेच्या गारव्यात ही गलबते हलकी असतात, चार लाकडांत तरंगतात. दुपारी ऊन तापले की जड होतात. आल्या दिवशी दुपारी घटकाभर वारा पडला होता. तेव्हा गलबत खाली खाली जाऊ लागले आणि धूमकेश स्वतः धोतर खोचून भट्टीत लाकडे टाकू लागला. तिसरे. बाबांना सांग, मी घाबरलेली नाही. हे तिने दोनदा सांगितले, त्यावरून घाबरली असावी."

एवढे सांगून पाणकावळा उडाला.

मेघंभट येरझाऱ्या घालू लागला. धूर वर का जातो? बाहेरच्या हवेपेक्षा तो अधिक तापलेला असतो म्हणून. आणि बाहेरची हवाच तापली तर? फुग्यातला धूर तो धूर राहील, पण त्याचे बळ जाईल. त्याने हे मनात उलटसुलट तपासले. चूक सापडेना. चूक सापडत नाही म्हणजे ती नक्की मोठी असणार, असे त्याला वाटले. तरी तो सभेत गेला.

"महाराज, वादळ नको. उकाडा हवा."

"उकाडा?" धाकोजी म्हणाला. "पंडितजी, शत्रूला काय घामोळ्यांनी मारायचे?"

"मारायचे नाहीच. खाली उतरवायचे."

त्याने सारे समजावले. तरंगसेनाने विचारले, "उकाडा आणायचा कसा?"

"तिघी बहिणींनी एकाच वेळी वाहायचे थांबले पाहिजे. पान हलता कामा नये."

"मग शंख फुंकून थांबवा."

"शंखाने त्या कामाला येतात, महाराज. थांबा असे सांगणारा शंख कोणी केलाच नाही."

पडद्याआड राणी बसली होती. ती म्हणाली, "कामाची बाई थांबते कधी? माहेरी गेली की. त्या तिघींना माहेर आहे का?"

कोणालाच ठाऊक नव्हते. ग्रंथांत तसे कुठे लिहिलेले नव्हते.

"नसेल तर हे घर त्यांचे माहेर," राणी म्हणाली. "मी पाणी तापवायला सांगते. पण न्यायला कोणी तरी जायला हवे. मुऱ्हाळ्यावाचून कोण येईल?"

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिले, आणि मग सगळ्यांनी मेघंभटाकडे पाहिले.

तिसऱ्या दिवशी उजाडताच मेघंभटाने पागोटे बांधले, खांद्यावर उपरणे घेतले आणि लाडवांची शिदोरी घेतली. निघता निघता त्याच्या मनात आले, नाहीच आल्या तर? तो मागे वळला, पेटी उघडली आणि तिन्ही शंख कमरेला बांधून घेतले.

वावटळ कड्यावरच्या उजाड माळावर राहत असे. पोरांच्या भोवऱ्यासारखी ती धुळीत फिरत होती. मेघंभट वाकून म्हणाला, "थोरल्या ताई, मी तुम्हाला न्यायला आलो आहे."

"ताई? मी तुझ्या पणजोबाच्या पणजोबाहून जुनी आहे."

"मग मी धाकटा भाऊ."

ती थबकली. मग तिने त्याच्याभोवती एक फेरी घेतली. "कमरेला काय आहे?"

मेघंभटाचा हात कमरेकडे गेला. "शंख."

तिने त्याला उचलले आणि बाभळीत फेकले. पागोटे एकीकडे, लाडू दुसरीकडे. "मुऱ्हाळी दावे घेऊन येतो होय रे? गुरे न्यायला आलास की बहीण?"

मेघंभट काटे काढत उठला. कड्याखाली समुद्र होता. समुद्रावर मोडके आरमार, आणि आरमारावर काळे आभाळ. हे शंख गेले तर राज्याच्या हाती काहीच राहणार नव्हते. नुकसान करणारे का होईना, तेवढेच शस्त्र होते. आपले गणित चुकले असेल तर? राणीचे बोलणे नुसते बोलणेच असेल तर? तरी त्याने पहिला शंख समुद्रात टाकला. मग दुसरा. तिसरा टाकताना त्याने डोळे मिटले.

पाण्यात तीनदा डुबुक झाले. वावटळ पाहत होती.

"माझे नाव आता कोणाकडे आहे?" तिने विचारले.

"तुमच्याकडे, ताई."

"हं," ती म्हणाली. "पागोटे उचल. उघड्या डोक्याने का माहेरी नेतात?"

वावटळ त्याच्यासोबत निघाली. मतलई खिंडीत राहत असे. ती अंगाने सडपातळ आणि बोलायला तिखट होती. मेघंभटाचे बोलावणे तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि म्हणाली, "खरे सांग. आम्ही आलो तर तुझा फायदा काय?"

मेघंभटाला चतुर उत्तरे बरीच सुचली. त्यातले एकही त्याला म्हणवेना. "माझी लेक वर अडकली आहे," तो म्हणाला. "तुम्ही घरी बसलात तर उकाडा होईल, आणि ती खाली येईल. बाळंतपणाला येत होती."

"पाहिलेस, थोरले?" मतलई हसली. "आमच्या विसाव्याचासुद्धा यांनी उपयोग शोधला!"

मेघंभट खाली मान घालून उभा राहिला.

"पण लपवले नाही," मतलई म्हणाली. "चल. आणि त्या घरात कोणी 'एवढे एक शीड भरून दे' म्हणाले, तर मी छप्पर घेऊन जाईन."

धाकटी झुळूक केळीच्या बागेत होती. तिच्यावर कोणी कधी शंख फुंकला नव्हता, कारण तिचा युद्धात काही उपयोग नव्हता. मेघंभटाला वाटले, ही लगेच येईल. ती येईना.

"मी आले तर केळीची पाने कोण हलवील?" ती म्हणाली. "झोळीतल्या पोरांना कोण निजवील? चुलीपुढच्या बायांचा घाम कोण टिपील?"

"कोणी नाही," मेघंभट म्हणाला.

"मग मला कसे येता येईल?"

मेघंभट म्हणाला, "आज थोडा वेळ पोरे रडतील. बायांना घाम येईल. येऊ दे, बाळे. त्यावाचून तू काय करतेस ते कोणाला कळणार नाही. तुलाही नाही."

मग झुळुकीने त्याच्या उपरण्याचे टोक धरले आणि ती त्याच्यामागून चालू लागली.

राजवाड्याच्या दारात राणीने तिघींवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, त्यांच्या पायांवर पाणी घातले आणि त्यांना आत घेतले. न्हाणीघरात ऊन पाणी तयार होते. राणीने वावटळीला पाटावर बसवले आणि तेल घेऊन तिच्या केसांतला गुंता सोडवू लागली. त्या केसांत काटक्या होत्या, पाचोळा होता, कोणाचे उडालेले मुंडासे होते, आणि एक चिमणीचे घरटे होते.

"किती वर्षांत विंचरले नाहीत, बाई?"

"कोण विंचरणार?" वावटळ म्हणाली, आणि तिचे डोळे मिटू लागले.

इकडे मतलईने पाय लांब करून भिंतीला पाठ टेकली. झुळूक राणीच्या मांडीवर डोके ठेवून निजली.

बाहेर पान हलायचे थांबले.

आधी बंदरावरची निशाणे खाली लोंबली. मग समुद्र तेल ओतल्यासारखा गुळगुळीत झाला. धक्क्याचे दगड तापले, कुत्री होड्यांखाली शिरली, साऱ्या गावातली पोरे एकदम रडू लागली. ऊन जागच्या जागी साठत गेले, जसे झाकलेल्या भांड्यात वाफ साठते. धाकोजी उघड्या अंगाने धक्क्यावर उभा होता. घाम त्याच्या मिशांवरून टपटपत होता.

"पंडितजी, गणित बरोबर आहे ना?"

"मला काय माहीत!" मेघंभट म्हणाला.

आणि मग सर्वांत मोठे गलबत, ज्यावर केतकी होती, वीतभर खाली आले.

धूमकेशाचा आवाज खालपर्यंत ऐकू आला. "लाकूड टाका!" लाकूड टाकले. गलबत थांबले, आणि पुन्हा खाली सरकू लागले. "आणखी टाका!" लाकूड संपले. त्यांनी बाके जाळली, पेट्या जाळल्या, पंख्यांचे दांडे जाळले. दांडे जळाल्यावर पंखे फिरेनात. डांबराचे बुधले त्यांनी ओझे कमी करायला समुद्रात ढकलले, पण पेटवायला कोणाला सुचले नाही, कारण जो तो घामाने निथळत होता. एकामागून एक सारी आकाशगलबते खाली आली. कोसळली मात्र नाहीत. संध्याकाळी तळ्यावर बदके उतरतात तशी ती अलगद पाण्याला लागली. त्यांचे फुगे मागे मलूल पसरले. पाणी भट्ट्यांत शिरले, फस्स झाले, आणि धूमकेशाची मंत्रलेली आग विझली ती कायमची.

आरमाराची शिडे फाटली होती, डोलकाठ्या मोडल्या होत्या. पण वल्ह्यांना वारा लागत नाही. धाकोजीच्या होड्यांनी आकाशगलबतांना वेढा घातला. धूमकेश कडेला टेकून बसला होता. दाढीतली काजळी घामाबरोबर गळ्यावर ओघळली होती, आणि काजळीखालून एक साधा, पिकलेला, दमलेला माणूस निघाला होता.

"हे कसले युद्ध?" तो म्हणाला.

"आम्हालाही नवीनच आहे," धाकोजी म्हणाला. "या, उतरा. पाणी प्या आधी. मग तुम्हाला कैद करतो."

मेघंभटाची होडी गलबताला लागली. त्याला पोहता येत नव्हते, होडीत उभे राहता येत नव्हते, तरी तो उभा राहिला. दोन खलाशांनी केतकीला हात धरून जपून खाली उतरवले. तिचे तोंड उन्हाने लाल झाले होते. तीन दिवस मेघंभटाने मनात तिच्याशी किती तरी बोलणे केले होते. आता तोंडातून निघाले ते एवढेच:

"जेवलीस का?"

"नाही, बाबा," ती म्हणाली आणि रडू लागली. "मुऱ्हाळ्यावाचून कशी जेवू? पण आधी घरी चला. लवकर चला. पोटात कळा येताहेत."

मग वल्ह्यांनी जो वेग घेतला, तो युद्धातही घेतला नव्हता.

राजवाड्यातलीच एक खोली सुइणीने ताब्यात घेतली. मेघंभट दाराबाहेर बसला. आता उकाड्याचे काम संपले होते, पण उकाडा हटत नव्हता. आत केतकीचा जीव कासावीस होत होता. राणी तिघी बहिणी निजल्या होत्या तिथवर गेली, पण उंबऱ्याशीच थांबली. माहेरवाशिणीला उठवायचे कसे? आणि काम सांगायचे तर मुळीच नाही. ती तशीच परत वळली.

झुळुकीने डोळे उघडले. कोणी शंख फुंकला नव्हता, कोणी हाक मारली नव्हती. ती उठली, बहिणींच्या अंगावरून हलकेच ओलांडून गेली आणि बाळंतिणीच्या खिडकीतून आत शिरली. केतकीच्या कपाळावरचा घाम सुकला. सुईण म्हणाली, "हां, आता बरं."

घटकाभराने आतून रडण्याचा आवाज आला, नवा कोरा. मुलगी झाली होती. गावातली पोरे मात्र रडायची थांबली होती, कारण एव्हाना झुळूक गावभर फिरून आली होती. वावटळ जागी होऊन म्हणाली, "आपणहून काम केलेस? मग आमच्या पाठोपाठ येणारे नुकसान कुठे गेले?" सगळ्यांनी पाहिले. कुठे काही मोडले नव्हते, फाटले नव्हते. शाप सुटला होता.

तिघी बहिणी मनाला येईल तितके दिवस राहिल्या. जाताना राणीने त्यांच्या ओट्या भरल्या. मेघंभट त्यांना वेशीपर्यंत पोचवून आला. पुढे त्या राज्यात वाऱ्याला कोणी हुकूम केला नाही. आरमाराला वारा हवा असला की सरखेल स्वतः पागोटे बांधून बोलवायला जाई. कधी त्या येत, कधी येत नसत, आणि आल्या तर नुकसान होत नसे. धूमकेशाला राजाने आरमाराची फाटकी शिडे शिवायला बसवले. कातड्याचे फुगे शिवणाऱ्या त्याच्या हाताला टाका घट्ट होता, आणि उन्हात सोबतचे कोणी विसाव्याला थांबले तर तो त्याला कधी हटकत नसे.

ज्या कोणाची लेक आज वाटेत असेल, तिच्या शिडाला मनापासून आलेला वारा मिळो. ती वेळेवर घरी पोचो, आणि दारात उभ्या असलेल्या बापाचा जीव भांड्यात पडो.